टाच लाइनवर, चवडा मैदानात: तेरा वर्षांखालील सामन्यातल्या दोन थ्रो-इनचं प्रकरण

तेरा वर्षांखालील मुलींच्या एका फुटबॉल सामन्यात एकाच मुलीच्या दोन थ्रो-इनवर, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत टाकण्यावर, रेफरीने ‘फाउल थ्रो’ (थ्रो चुकला, चेंडू दुसऱ्या संघाला) दिला. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं: पाय. त्यातला पहिला निर्णय चुकीचा होता आणि दुसरा बरोबर. मैदानाभोवतीच्या जवळजवळ सगळ्यांना मात्र नेमकं उलटं वाटलं. पहिला निर्णय सगळ्यांनी मुकाट मान्य केला, दुसऱ्यावरून भांडण पेटलं. मी त्या स्पर्धेत रेफरींचं काम बघायला होतो. सामन्यानंतर दोन्ही बाजूंशी बोललो, एका पालकांनी मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरणही पाहिलं. शाळा, मुली, प्रशिक्षक, रेफरी यांपैकी कुणाचंच नाव इथे देत नाही. संघांना त्यांच्या जर्सीवरून पिवळा आणि निळा म्हणू.

काय घडलं

जुलैचा शेवट. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सकाळी उघडीप होती. सामना मध्य मुंबईतल्या एका सार्वजनिक मैदानावर होता. आझाद मैदानावर किंवा क्रॉस मैदानावर सुट्टीच्या दिवशी गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. एका खेळाची हद्द संपते तिथेच दुसऱ्याची सुरू होते, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दप्तरं, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या आणि पालक. इथेही तसंच होतं. साइडलाइनच्या मागे जेमतेम एक पाऊलभर मोकळी जागा, आणि त्यामागे माणसांची भिंत. सकाळी मैदान आखणाऱ्या मामांनी डबा हलवत फक्की (रेषांची पांढरी पूड) मारली होती, पण ओल्या मातीत ती काही ठिकाणी पसरली होती, काही ठिकाणी बुजली होती.

लाइनवर सहायक पंच नव्हते. रेफरी एकटाच, विशीतला, नुकताच परीक्षा पास झालेला.

पूर्वार्धात पिवळ्या संघाच्या राइट बॅकने (उजव्या बाजूच्या बचावपटूने) मध्यरेषेजवळून थ्रो घेतला. या भागात मागे गर्दी नव्हती. ती दोन पावलं चालत आली, डावा पाय पुढे, उजवा मागे, चेंडू डोक्यामागून आणला आणि सोडला. सोडताना मागच्या बुटाचं टोक चिखलात रेघ ओढत पुढे आलं. शिट्टी वाजली. “पाय उचलला,” रेफरी म्हणाला. मुलगी बघतच राहिली. चेंडू निळ्यांकडे गेला आणि खेळ सुरू झाला. त्यातून पुढे काही घडलं नाही, म्हणून कुणी तक्रारही केली नाही. पिवळ्यांच्या प्रशिक्षकांनी बाहेरून ओरडून सांगितलं, “अगं, दोन्ही पाय जमिनीला चिकटवून ठेव! हलवूच नकोस!”

मध्यंतरातही त्यांनी तिला तेच सांगितलं.

उत्तरार्धात, गोलशून्य बरोबरी असताना, त्याच मुलीला थ्रो मिळाला, या वेळी स्वतःच्या गोलच्या बाजूला, पेनल्टी क्षेत्राच्या थोडं पुढे. मागे छत्र्या आणि पालक. मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून ती लाइनवरच उभी राहिली, दोन्ही पाय शेजारी शेजारी. टाचा फक्कीवर आणि बुटांचा उरलेला भाग मैदानात. चेंडू ओला होता आणि तिला तो लांब टाकायचा होता. टाकताना ती चवड्यांवर उठली. पुन्हा शिट्टी, पुन्हा एकच शब्द: “पाय.”

या वेळी तिच्यामागचे पालक खवळले. “दोन्ही पाय जमिनीवर होते! आम्ही इथेच उभे आहोत!” आणि ते खरंच सांगत होते. दोन्ही पाय जमिनीवरच होते.

निळ्यांनी थ्रो पटकन घेतला. त्यांची सेंटर फॉरवर्ड पिवळ्या बचावफळीच्या मागे एकटी उभी होती, चेंडू थेट तिच्याकडे गेला. पिवळ्या मुली ऑफसाइडसाठी (बचावफळीच्या मागे उभं राहून चेंडू घेतल्याच्या चुकीसाठी) हात वर करून थांबल्या, आणि गोल झाला. थ्रो-इनमधून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही, हे त्या मुलींना कुणी सांगितलंच नव्हतं. हा नियम 1920 पासून आहे. सामना 1–0 असा संपला आणि पिवळ्यांच्या व्यवस्थापकांनी लेखी तक्रार दिली. तक्रारीत लिहिलं होतं की पाय जमिनीवर असताना फाउल थ्रो दिला आणि त्यावर ऑफसाइड गोल मान्य केला.

नियम पायांबद्दल काय म्हणतो

फुटबॉलच्या नियमांतला पंधरावा नियम थ्रो-इनचा. छोटासा नियम आहे, आणि त्यात पायांबद्दल एकच अट आहे. चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणी प्रत्येक पायाचा काही ना काही भाग टचलाइनवर (म्हणजे साइडलाइनवर) किंवा टचलाइनबाहेरच्या जमिनीवर असला पाहिजे. बाकी अटी अशा: तोंड मैदानाकडे, उभं राहून टाकायचं, दोन्ही हातांनी, डोक्यामागून आणि डोक्यावरून, चेंडू जिथून बाहेर गेला त्या जागेवरून. प्रतिस्पर्धी त्या जागेपासून किमान 2 मीटर लांब हवेत.

आता या वाक्यात काय नाही ते पाहू, कारण मैदानावरचा अर्धा गोंधळ तिथूनच येतो. पाय हलवू नयेत असं नियमात नाही. दोन्ही पाय शेजारी हवेत असंही नाही. धावत येऊ नये असं नाही. मागचा पाय घासला तर चूक, असं कुठेही नाही. पाय पूर्ण टेकलेला हवा असंही नाही. ‘काही भाग’ पुरतो. आणि पायाचा काही भाग मैदानात गेला तर चूक, असंही नाही. लाइन ज्या क्षेत्राची हद्द असते त्या क्षेत्राचाच भाग मानली जाते, तरीही थ्रो-इनच्या वेळी तिच्यावर पाय ठेवायची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली आहे.

दोन शब्द मात्र घट्ट धरायचे. एक, ‘क्षणी’. चेंडू सुटण्याआधी मुलगी कशी उभी होती आणि सुटल्यावर कुठे गेली, याला महत्त्व नाही. चेंडू सोडल्यावर ती तोल जाऊन मैदानात दोन पावलं गेली तरी थ्रो बरोबरच. दुसरा, ‘प्रत्येक’. एका पायाने अट पाळली आणि दुसऱ्याने मोडली, तर थ्रो चुकला.

पहिली शिट्टी

पहिल्या थ्रोत मागच्या बुटाचं टोक चिखलात घासत होतं. घासत होतं याचा अर्थच ते जमिनीला लागलेलं होतं. चित्रीकरणात ती रेघ दिसते, चेंडू सुटतो त्या वेळी बुटाचं टोक अजून लाइनच्या बाहेर आहे, आणि पुढचा पाय लाइनवर आहे. थ्रो निर्दोष होता.

रेफरीला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सर, टाच पूर्ण वर होती.” त्याचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकीचा. टाच वर असणं हा गुन्हाच नाही. टाच वर असताना बुटाचं टोक कुठे टेकलंय, हे बघायचं असतं. पहिल्या थ्रोत ते टोक बाहेर टेकलं होतं.

हा निर्णय बदलता आला असता का? हो. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफरी आपला निर्णय बदलू शकतो. निळ्यांनी थ्रो टाकला आणि ती संधी संपली. मला जास्त सलतं ते मात्र निर्णयापेक्षा त्याचं दिलेलं कारण. “पाय उचलला” या दोन शब्दांतून मुलीला आणि तिच्या प्रशिक्षकांना कळलं की मागचा पाय हलवणं चूक आहे. त्यांनी रेफरीचा मान राखून तिची शैली बदलली. चांगल्या थ्रोची जागा वाईट थ्रोने घेतली ती इथेच.

दुसरी शिट्टी

टाचा लाइनवर आणि चवडे मैदानात, असं उभं राहणं नियमात बसतं. सुरुवातीला ती बरोबर उभी होती. टाकताना ती चवड्यांवर उठली, म्हणजे जे भाग लाइनवर होते तेच, दोन्ही टाचा, हवेत गेले. जमिनीला टेकलेलं जे काही उरलं ते सगळं मैदानाच्या आत. टाच लाइनच्या वर, हवेत होती, पण नियमाला तेवढं पुरत नाही. भाग लाइनवर हवा, किंवा बाहेरच्या जमिनीवर. अट मोडली, निर्णय बरोबर.

पालकांना हे दिसणं शक्य नव्हतं असं नाही, ते तर तिच्या मागेच उभे होते. पण ‘पाय जमिनीवर हवेत’ एवढाच नियम मनात असेल तर डोळा जमिनीवर पाय आहेत का तेच बघतो. कुठल्या जमिनीवर, ते बघत नाही. गल्लीपासून शाळेपर्यंत सगळीकडे हा नियम असाच अर्धवट सांगितला जातो. त्यामुळे पहिल्या थ्रोला लोक “उचलला!” म्हणाले आणि दुसऱ्याला “टेकलाय की!”

साधं मोजमाप केलं तर हे चटकन कळतं. नियमाप्रमाणे लाइन 12 सेंटीमीटरपेक्षा रुंद नसावी. या वयाच्या मुलीचा बूट त्याच्या जवळपास दुप्पट लांब असतो. टाच लाइनच्या आतल्या कडेवर असेल तर जवळजवळ अख्खा पाय मैदानात जातो, आणि टाच दोन सेंटीमीटर जरी उचलली तरी थ्रो चुकतो. उलट चवडा लाइनवर किंवा लाइनच्या मागे असेल तर टाच कितीही उचला, बुटाचं टोक तिथेच राहतं. मुलांना मी सांगतो तो एकच शब्द हा: चवडा. टाच कुठे आहे ते विसरा, चवडा लाइनच्या पुढे जाऊ देऊ नका.

पसरलेल्या फक्कीचा मुद्दाही तक्रारीत होता. लाइन त्या जागी हातभर पसरली होती, मग तिची कड कोणती धरायची? असं असेल तर मी रेफरीला शंकेचा फायदा टाकणाऱ्याला द्यायला सांगतो, कारण मैदान नीट आखणं खेळाडूच्या हातात नसतं. पण चित्रीकरणात तिचे चवडे पसरलेल्या पांढऱ्याच्याही पुढे, स्वच्छ मातीत दिसतात. तेव्हा या थ्रोला तो फायदा लागू होत नाही.

ती चवड्यांवर का उठली

थ्रो-इनचा जोर खांद्यांतून कमी आणि पाठीच्या कमानीतून जास्त येतो. पाय पुढे-मागे असले की कमान सुटताना शरीराचं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर जातं आणि मागच्या बुटाचं टोक घासत पुढे येतं. म्हणजे ते घासणं ही चुकीची खूण नसून वजन नीट सरकल्याची खूण आहे. पाय शेजारी जोडून ठेवले की वजनाला पुढे जायला वाट उरत नाही, मग ते वर जातं. आधी टाचा उचलल्या जातात, आणखी जोर लावला तर मूल चक्क उडी मारतं. बारा वर्षांच्या मुलीच्या खांद्यात मोठ्यांसारखी ताकद नसते. ओला चेंडू लांब टाकायचा तर तिला ती वाढीव उंची हवीच असते. दोन्ही पाय चिकटवून ठेव, या सूचनेत दुसऱ्या थ्रोची चूक अगोदरच होती.

जागा नव्हती हे दुसरं कारण. मागे पाऊलभर पट्टी आणि त्यात छत्र्या, तर कुठलंही मूल पुढे सरकूनच उभं राहील. या बाबतीत मी रेफरी आणि आयोजक दोघांनाही जबाबदार धरतो. प्रेक्षक लाइनला चिकटले असतील तर रेफरीने खेळ सुरू करण्याआधी त्यांना मागे करायचं असतं, आणि त्याने एकदाही तसं केलं नाही.

आणि एक तिसरं कारण आहे, ते या एका सामन्यापुरतं नाही. मुंबईतली पुष्कळ मुलं आज फुटबॉल शिकतात ती तासाच्या भाड्याच्या टर्फवर, कधी इमारतीच्या गच्चीवर, चारी बाजूंनी जाळी असलेल्या चौकोनात. तिथे चेंडू जाळीला लागून परत येतो, किंवा बाहेर गेलाच तर पायानेच आत मारतात. फुटसालच्या (पाच-पाच जणांच्या छोट्या फुटबॉलच्या) नियमांतही थ्रो-इन नाही, किक-इन आहे. टर्फवर वर्षभर सुंदर पासिंग करणारं मूल पावसाळ्यात शाळेच्या संघातून मैदानावर येतं आणि हातात चेंडू घेऊन लाइनशी उभं राहतं, तेव्हा ते अगदी नवखं असतं. या राइट बॅकचंही तसंच होतं. मोठ्या मैदानावरही थ्रो-इनऐवजी किक-इन करून पाहिलं गेलं आहे. 1993 साली जपानमध्ये झालेल्या 17 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तो प्रयोग झाला, पण पुढे नियमात तो आला नाही. म्हणजे हाताने टाकायला शिकवण्याला पर्याय नाही.

तक्रारीचं काय झालं

निकाल कायम राहिला. खेळातल्या घटनांवरचा रेफरीचा निर्णय, गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल यांसह, अंतिम असतो. दुसरा थ्रो चुकलेलाच होता, चेंडू नियमाप्रमाणे निळ्यांकडे गेला, आणि थ्रो-इनवर ऑफसाइड नसल्यामुळे गोलही योग्य होता. पहिल्या थ्रोवरचा निर्णय चुकीचा होता हे आयोजकांनी पिवळ्या संघाला लेखी कळवलं. हे मला फार आवडलं. निकाल बदलणार नाही म्हणून चूक झाकून ठेवायची, ही सवय आपल्याकडे फार आहे.

बैठकीत पिवळ्यांच्या प्रशिक्षकांनी एक प्रश्न मनापासून विचारला: “एवढ्या लहान मुलीला त्या टाचांचा काय फायदा झाला? सोडून दिलं असतं तर कुणाचं नुकसान होतं?” हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. रेफरीने नियमांच्या चौकटीत राहून खेळाचा हेतू जपत निर्णय द्यावा, असं नियमच सांगतात. दोन सेंटीमीटर उचललेल्या टाचेने चेंडू फार लांब जात नाही आणि कुणाला इजाही होत नाही. त्या जागी मी असतो तर टाचांच्या या पहिल्या चुकीला खेळ चालू ठेवला असता आणि पुढच्या थांब्यात तिला जवळ बोलावून सांगितलं असतं. पण शिट्टी वाजवणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

रेफरी तिसरी एक गोष्ट करू शकतो असं काहींना वाटतं, ती मात्र करता येत नाही: शिट्टी वाजवून त्याच मुलीला “परत टाक” म्हणणं. थ्रो चुकीच्या पद्धतीने टाकला तर तो प्रतिस्पर्ध्यांना जातो. त्याच संघाला पुन्हा टाकायला मिळतं ते चेंडू मैदानात शिरण्याआधी बाहेरच जमिनीवर पडला तर. लहान वयोगटात चुकीनंतर एक संधी द्यायची असेल तर ते स्पर्धेच्या नियमावलीत आधी लिहिलेलं हवं, दोन्ही संघांना माहीत हवं. ऐन सामन्यात रेफरीने मायेपोटी शोधलेला नियम दुसऱ्या संघातल्या तेवढ्याच लहान मुलींवर अन्याय करतो.

करता येण्यासारखी खरी गोष्ट थ्रोच्या आधीची आहे. मूल चेंडू उचलून लाइनकडे येतं तेव्हा दोन-चार सेकंद मिळतात. “चवडा मागे घे,” एवढे तीन शब्द. यात पक्षपात नाही, कारण रेफरी हेच दोन्ही संघांना सांगू शकतो. सहायक पंच असतील तर हे काम त्यांचं. लाइनवरून टाच आणि चवडा जसा दिसतो तसा मैदानाच्या आतून दिसत नाही. म्हणूनच पंचांमध्ये पाय सहायकाने आणि हात रेफरीने बघायचे, अशी वाटणी रुळली आहे. एकटा रेफरी असेल तर त्याने थ्रोच्या वेळी लाइनच्या जवळ यावं. आमचा रेफरी दोन्ही वेळा मैदानाच्या मधोमध होता.

आणि शिट्टी वाजवलीच तर कारण पूर्ण सांगावं. “पाय” हे कारण होऊ शकत नाही. “चवडे आत होते आणि टाचा उचलल्या” हे कारण आहे. ते ऐकून मुलगी पुढच्या वेळी काय करायचं ते समजू शकते, आणि मागे उभे असलेले पालकही.

सरावात काय बदललं

पिवळ्यांच्या प्रशिक्षकांनी मला सरावाला बोलावलं. आम्ही फक्कीची एक रेघ मारली आणि तिच्या मागे एका बुटाच्या अंतरावर दुसरी. मुलींनी पुढचा पाय या मागच्या रेघेवर ठेवून टाकायचं. वीतभर जागा हातची ठेवली की चवडा थोडा घसरला तरी खऱ्या लाइनच्या पुढे जात नाही. मग मागच्या पायाचं टोक मुद्दाम घासायला लावलं, मातीत रेघ उमटलीच पाहिजे असं सांगून. ज्या मुलीची रेघ उमटली नाही तिचा पाय हवेत होता, हे तिला तिचंच दिसत होतं. राइट बॅकने पहिल्या दोन-तीन थ्रोत पाय पुन्हा जोडून घेतले. रेफरीने चूक ठरवलेली जुनी शैलीच बरोबर होती, हे तिला पटवायला वेळ लागला. बचावफळीला थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो हेही त्याच दिवशी सांगून घेतलं, आणि हात वर करून थांबायचं नाही हेही.

आयोजकांनी पुढच्या सामन्यांपासून साइडलाइनच्या मागे दोन मीटरवर दोरी बांधायला सुरुवात केली आहे. जिथे शेजारच्या मैदानामुळे तेवढी जागा निघत नाही तिथे खेळाचं मैदानच थोडं अरुंद आखायचं ठरलं. लहान वयोगटांसाठी मैदानाचं माप बदलायची मुभा नियमांतच आहे. ‘चुकीनंतर एक संधी’ हा नियम तेरा वर्षांखालील गटात पुढच्या हंगामापासून घ्यावा का, यावर मात्र अजून एकमत नाही. मी दहा वर्षांखालील गटासाठी त्याच्या बाजूने आहे, तेरासाठी नाही. तेराव्या वर्षी मुली नियम शिकू शकतात, फक्त तो त्यांना पूर्ण सांगायला हवा. दोन आठवड्यांनी या रेफरीचा सामना पुन्हा बघायला गेलो, तेव्हा तो पहिल्याच थ्रोला लाइनजवळ जाऊन उभा राहिला आणि “चवडा मागे” म्हणाला. त्या सामन्यात फाउल थ्रो एकच झाला, तोही हातांचा.